मण्यारीचं विष, भाऊच्या धक्क्यावरचा बर्फ आणि दर्शनाच्या पापण्या

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर बसून जवळा निवडत होते. "प्रयोगशाळेच्या नोकरीत काहीतरी थरारक घडलंच असेल, ते लिहा," त्या म्हणाल्या. मी त्यांना खरं तेच सांगितलं. चौतीस वर्षं मी काचेच्या बश्या धुतल्या, पेशींना खाऊपिऊ घातलं, सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवरची धूळ पुसली. स्फोट नाही, आग नाही. पळालेला उंदीर एकच, आणि तोही दुपारी स्वतःहून परत आला. बाई हसल्या आणि तरीही लिहाच म्हणाल्या. फोन ठेवला आणि मला दर्शना आठवली. मग जवळा तसाच राहिला आणि मी बराच वेळ एकटीच हसत बसले.

आधी माझं काम सांगते. मी शास्त्रज्ञ नव्हे, डॉक्टर तर नव्हेच. माझं पद 'वरिष्ठ तंत्रज्ञ', म्हणजे कल्पना दुसऱ्याची आणि हात माझे. पांढरा कोट घातलेले सगळेच काहीतरी शोधून काढतात असं लोकांना वाटतं. आम्ही शोधून काढत नाही, शोधणाऱ्यांच्या बश्या मरू देत नाही. माणसाच्या स्नायूचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी सुट्या करायच्या आणि बशीत वाढवायच्या. त्यांना माणसाच्या अंगाइतकी ऊब लागते, सदतीस अंश. एक दिवसाआड खाणं बदलावं लागतं. गणपतीत घरी पाहुण्यांची पंगत बसलेली असली तरी पेशींना सुट्टी कळत नाही, त्यामुळे मी लाँच पकडून मुंबईला. सासूबाई म्हणायच्या, हिची खरी पोरं तिकडे कपाटात आहेत.

आमचं घर खाडीपलीकडे, रेवसच्या धक्क्यापासून चालत वीस मिनिटांवर. आठवडाभर मी मुंबईत, शनिवार-रविवार इथे. वडिलांची होडी होती, आई मासळी विकायची. आईचा दंडक एकच होता. जाळं वर आलं की आधी बर्फ घाल, मग पाणी पी, मग बोल. मी शिकले, मुंबईतल्या संस्थेत लागले, तरी हा दंडक माझ्या हातातून गेला नाही. प्रयोगशाळेत त्याचं कौतुकच व्हायचं. बाकीच्यांचे नमुने खराब व्हायचे, माझे कधी नाही, कारण माझा हात आधी बर्फाकडे जायचा. हा बर्फ ध्यानात ठेवा, पुढे त्यानेच मला तोंडावर पाडलं.

आता आम्ही काय बघायचो ते सांगते. तुम्ही हात उचलता तेव्हा मज्जातंतूचं टोक स्नायूला हुकूम देतं. गंमत अशी की ते टोक स्नायूला चिकटलेलं नसतं, मध्ये अगदी बारीक फट असते. तंतू त्या फटीत एक रसायन सोडतो आणि स्नायूच्या अंगावरचे रिसेप्टर ते झेलतात. झेलणारे हे रिसेप्टर तंतूच्या टोकासमोरच दाटीवाटीने उभे असावे लागतात. इकडेतिकडे विखुरले तर हुकूम वाया, हात अर्ध्यात खाली.

पण हे रिसेप्टर तयार होतात पेशीच्या पोटात, टोकापासून लांब. तिथून त्यांना जागेवर आणतं कोण? तर मोटर प्रथिनं. पेशीत बारीक रूळ पसरलेले असतात आणि ही प्रथिनं पाठीवर गाठोडं घेऊन त्या रुळांवरून पाऊल टाकत चालतात. अक्षरशः पाऊल टाकतात, दोन पाय असतात त्यांना. काही मुख्य रुळावरून लांबचा पल्ला मारतात, काही शेवटच्या चार पावलांपुरती. आम्ही त्यांना हमाल म्हणायचो. पहिल्यांदा हमाल चालताना पाहिले तेव्हा मी सूक्ष्मदर्शकावरून उठायलाच तयार नव्हते. काळोख्या खोलीत पडद्यावर हिरवे ठिपके एका रेषेत लगबगीने निघालेले, मध्येच थांबतात, एकमेकांना वाट देतात, पुन्हा निघतात. माझ्या स्वतःच्या दंडात या क्षणी हेच चाललंय म्हणून मी दंड चाचपून पाहिला होता.

आणि रिसेप्टर दिसावेत म्हणून आम्ही काय वापरायचो ठाऊक आहे? मण्यारीच्या जातीच्या सापाचं विष. आमच्याकडे पावसाळ्यात मण्यार चावली की माणसाच्या पापण्या आधी खाली येतात, हे पोरासोरांनाही माहीत असतं. तिच्या विषातला एक भाग या रिसेप्टरना घट्ट जाऊन चिकटतो. त्यालाच लाल चमकणारा रंग जोडला की जिथे रिसेप्टर तिथे लाल. मारणारं विष आम्हाला दिवा धरायचं. आमच्या फ्रीजमधल्या त्या कुपीला नवी मुलं हात लावायला घाबरायची. मी तिला 'बाई' म्हणायचे. "बाईंना जरा बाहेर काढ," म्हटलं की सगळे ओळखायचे.

एक जुनी आठवण इथेच सांगायला हवी. मी नोकरीला लागले तेव्हाच्या आमच्या सरांनी मला एकदा दोन बश्या दाखवल्या. एकीत रुळांचं सुंदर जाळं. दुसरी त्यांनी थोडा वेळ बर्फावर ठेवलेली, आणि तिच्यात रूळच नाहीत, सगळे विरघळलेले. सर म्हणाले, "थंडीत हे रूळ मोडून पडतात. पुन्हा ऊब दिली की पुन्हा बांधले जातात." मी वा वा केलं, वहीत लिहून घेतलं आणि विसरून गेले.

आता दर्शना. आमच्या शेजारच्या सुगंधाची मुलगी, तेव्हा एकोणीस वर्षांची. लहानपणापासून झोपाळू म्हणून गावभर प्रसिद्ध. शाळेत बाकावर उभी, वर्गाबाहेर उभी, सगळं झालेलं. सकाळी ठीक असायची, दुपार झाली की पापण्या खाली आणि हात जड. मासळीची पाटी डोक्यावर चढवायला गेली की अर्ध्यात हात सुटायचे. एका स्थळाने तोंडावर सांगितलं, मुलगी आळशी दिसते. तिच्या एकाही फोटोत डोळे नीट उघडे नाहीत, हनुवटी मात्र वर. पापणीखालून बघायचं तर मान मागे टाकावी लागते ना! लोक म्हणायचे, केवढा हा तोरा.

एका रविवारी सुगंधा माझ्याकडे चहाला आली आणि सहज बोलून गेली, "हिला झोप लागली का मासलीचा बर्फ डोल्यांना लावते. मग उघडतात डोले. नाटकं हायेत नुसती."

मी कप खाली ठेवला. डोळ्यांना बर्फ लावला की पापणी वर जाते हे नाटक नव्हे, डॉक्टर मुद्दाम करून बघतात ती ही तपासणी. मज्जातंतू आणि स्नायूच्या सांध्यात बिघाड असेल तर गार केल्यावर तो थोडा वेळ सुधारतो. मी दर्शनाला बोलावलं. भर दुपार होती, दोन्ही पापण्या अर्ध्यावर. रुमालात बर्फ बांधून तिच्या उजव्या डोळ्यावर धरला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत दोन मिनिटं मोजली. रुमाल काढला. डावा डोळा तसाच, आणि उजवा टक्क उघडा. मी टाळ्याच वाजवल्या. मलाच वेड लागल्यासारखं सुगंधा माझ्याकडे बघत होती. मी तिला सांगितलं, ही आळशी नाही, हिच्या पेशींमध्ये कुठेतरी काम अडलंय. त्यावर दर्शना रडायला लागली. इतकी वर्षं तिला कोणी असं म्हटलंच नव्हतं.

मुंबईत मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हात खांद्याच्या उंचीवर पुढे धरायला लावले. तीस आकडे मोजायच्या आत हात खाली. विजेच्या तपासण्या झाल्या, मज्जातंतू-स्नायूच्या सांध्याचाच आजार आहे हे पक्कं झालं आणि या आजारावर नेहमी देतात ती गोळी सुरू झाली. आम्हाला वाटलं, सुटली पोरगी. आठवडा झाला नसेल, तिला श्वास घेता येईना. अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. तिथून घरी आल्यावर तिचे वडील एकच वाक्य बोलले, "आता अंदाजानं काय पन द्यायचा न्हाय. खात्रीनं सांगा, मग देऊ." त्यांचं चुकलं होतं असं मला आजही वाटत नाही.

डॉक्टरांनी जनुकांची तपासणी केली, तर संशयित निघाले दोन. एक बदल हमाल प्रथिनात. दुसरा त्या प्रथिनात, जे तंतूचा निरोप ऐकून आलेल्या रिसेप्टरना जागेवर बांधून ठेवतं. दोघांपैकी दोषी कोण, हे कागदावरून कळेना. डॉक्टर म्हणाले, बांधणारा दोषी असेल तर दम्याच्या औषधांपैकी एक गोळी अशा बऱ्याच रुग्णांना लागू पडते. हमाल दोषी असेल तर काय द्यायचं हे निदान त्यांना तरी माहीत नव्हतं. त्यांनी आमच्या प्रमुख मेधा मॅडमना विचारलं, मुलीच्या पेशी बशीत वाढवून बघाल का? योगायोग असा की मॅडम आयुष्यभर नेमकं हेच बघत होत्या.

दर्शनाने दंडातला तुकडा काढू दिला, पण मला बजावलं, "एकदाच हां मावशी. परत सुरी न्हाय." मी शब्द दिला. त्या तुकड्याच्या पेशींच्या दोन कुप्या झाल्या. एक वाढवायला घेतली, दुसरी अतिशय थंड नायट्रोजनच्या टाकीत जपून ठेवली. तुलनेला निरोगी स्नायू हवा, तो दिला न्हावा शेव्याला क्रेन चालवणाऱ्या एका गृहस्थांनी, मांडीच्या ऑपरेशनच्या वेळी. हे गृहस्थ दर आठवड्याला फोन करून विचारायचे, "ताई, माझे स्नायू कसे आहेत? खातात ना नीट?" मी सांगायचे, उत्तम आहेत, तुमच्यापेक्षा शांत आहेत.

जिवंत पेशीत हमाल आणि रिसेप्टर एकाच वेळी टिपणारा नवा सूक्ष्मदर्शक आमच्याकडे नव्हता. तो होता उरणच्या बाजूला एका नव्या केंद्रात. वेळ आधी ठरवून घ्यावी लागे. रस्त्याने जायचं तर कंटेनरच्या ट्रेलरमागे किती वेळ अडकाल याचा नेम नाही, म्हणून मी भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोऱ्याची लाँच धरायचे. बश्या बॅटरीवर चालणाऱ्या उबेच्या पेटीत. क्रेनवाल्या काकांच्या बश्या आदल्या दिवशी व्यवस्थित पोचल्या. हमाल झकास पळाले. बशीत तंतू नसतो, त्याच्या निरोपाचं प्रथिन आम्ही ठरावीक जागांवर लावतो, तिथे रिसेप्टरची लाल बेटं जमली. दुसऱ्या दिवशी दर्शनाच्या बश्या.

त्या दिवशी माझ्याकडून जे झालं ते कोळ्याच्या पोरीने सांगू नये असं आहे. कोजागिरी होऊन दोन दिवस झाले होते. उधाणाचे दिवस, सकाळी आठच्या सुमाराला ओहोटी तळ गाठणार, मोऱ्याच्या धक्क्याला लाँच लागणार नाही, हे आमच्याकडे तिथी ऐकली की बोटांवर सांगतात. मी तिथी बघितलीच नाही, मॅडमनी दिलेली दहाची वेळ बघितली. धक्क्यावर आले तर पाणी चढेपर्यंत लाँच बंद. बसून राहिले. ऊन चढलं, ऑक्टोबरचं, कातडी सोलणारं. साडेनऊला पेटीचा दिवा लाल झाला आणि मग विझला. बॅटरी संपली. पेटी उन्हाने तापायला लागली आणि माझ्या डोळ्यांसमोर दर्शनाच्या पेशी शिजताना दिसायला लागल्या.

आणि समोर काय, तर भाऊचा धक्का, बर्फाची लादी फोडणारा माणूस. माझ्या हाताने मला विचारलंच नाही. फोडलेला बर्फ पिशवीत भरून घेतला, पेटीत बश्यांच्या चारी बाजूंनी लावला, आणि जीव भांड्यात पडला. आधी बर्फ, मग बाकी सगळं. आईला बरं वाटलं असतं.

केंद्रावर पोचले साडेअकराला. बाराला वेळ संपणार. दाराबाहेर बर्फ फेकून दिला, पेटी पुसली आणि आत गेले. मेधा मॅडम ताटकळत होत्या. त्या खोलीत कॅमेऱ्यासाठी कडक एसी, बशीखालची तबकडी अजून तापायची होती, पण थांबायला वेळ नव्हता. बशी लावली. हिरवे ठिपके दिसले. जागच्या जागी. एकही हलेना. लाल रिसेप्टर विखुरलेले. मॅडमनी दुसरी बशी लावायला सांगितली, तिथेही तेच. त्यांनी माझा हात धरला. हमालच दोषी! अशा रुग्णात मोटर प्रथिनाचा असा बिघाड निदान त्यांच्या तरी वाचनात नव्हता. त्या मॅडम, ज्या कधी आवाज चढवत नाहीत, त्या गाडीत गाणं गुणगुणत होत्या. बर्फाचं मी बोलले नाही. पेशी जिवंत पोचल्या होत्या, सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझे नमुने कधी खराब होत नाहीत ही माझी ऐट होती.

पण आनंद मॅडमचा होता. माझा नव्हता, कारण हमाल दोषी म्हणजे दर्शनाला औषध नाही. तीन दिवसांनी शनिवारी घरी आले. दर्शना पायरीवर बसून डोळ्यावर बर्फ धरून होती. "मावशी, बर्फानं डोला उघडतो तो कसा काय?" तिने विचारलं.

मला शिकवायला आवडतं, मी सुरू झाले. म्हटलं, तंतूने रसायन सोडलं की ते लगेच पुसून टाकणारं एक प्रथिन असतं. गार केलं की ते पुसणारं मंद होतं, रसायन जास्त वेळ टिकतं, म्हणून पापणी वर जाते. थंडीत पेशीतली सगळीच कामं मंदावतात, बघ. काही गोष्टी तर मोडूनच...

आणि माझं तोंड उघडंच राहिलं. सरांच्या दोन बश्या. विरघळलेले रूळ. रूळच नसतील तर हमाल चालणार कशावर? त्या दिवशी आम्ही रूळ बघितलेच नव्हते, फक्त हमाल आणि रिसेप्टर. दर्शनाच्या पेशींत काही बिघडलं होतं की नाही देव जाणे, मी त्यांच्या पायाखालचे रूळ काढून घेतले होते!

मी उठून उभी राहिले, बसले, पुन्हा उठले. लाज वाटत होती आणि त्याहून जास्त आनंद होत होता. निकाल खोटा होता. म्हणजे अजून आशा होती. दर्शना घाबरून विचारायला लागली, काय झालं? मी म्हटलं, मी गाढव आहे, आणि ही फार चांगली बातमी आहे.

सोमवारी पहिल्या लाँचने मुंबई. मॅडमच्या पडद्यावर डॉक्टरांना पाठवायचं पत्र तयार होतं, 'पाठवा' म्हणायची खोटी. मी दारातच सांगून टाकलं, पेटी बंद पडली होती, मी चारी बाजूंनी बर्फ लावला होता, आणि तुम्हाला बोलले नाही. मॅडम पडद्याकडे बघत होत्या.

"नलिनीताई," त्या शेवटी म्हणाल्या, "माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निकाल तुम्ही आत्ता माझ्या हातातून काढून घेतलात."

मी मान खाली घातली. त्यांनी पत्र पुसून टाकलं.

"दुसरी कुपी टाकीतून कधी काढताय?"

चौतीस वर्षांत मला कोणी इतकं माफ केलं नव्हतं. पण कुपी शेवटची होती, आणि परत सुरी नाही असा शब्द मी दिला होता. ती उघडण्याआधी मी तिच्यावरचं नाव तीनदा वाचलं. पहिले चार दिवस पेशी हट्टाने वाढेनात. मी शनिवार-रविवारीही घरी गेले नाही, संस्थेतच बहिणीसारख्या एका सहकारिणीच्या खोलीवर राहिले, सकाळ-संध्याकाळ बश्या बघायचे. पाचव्या दिवशी पेशी पसरायला लागल्या, मग एकमेकींना जुळून लांब स्नायूतंतू व्हायला लागल्या. एक तर आपणहून फडफडला. क्रेनवाल्या काकांच्या बश्याही बरोबरीने वाढवल्या. या वेळी दोघांना एकाच दिवशी, एकाच पेटीतून, एकाच सूक्ष्मदर्शकाखाली जायचं होतं.

केंद्राने तारखा दिल्या तेव्हा मी पंचांग उघडलं. मॅडम बघत राहिल्या. मी कार्तिक वद्य सप्तमी निवडली. भांगाचं पाणी म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, ओहोटी आली तरी लाँच अडत नाही. आणि पेटी? पेटी मी घेतलीच नाही. माणसाच्या अंगाची ऊब सदतीस अंश असते हे मी चौतीस वर्षं नव्या मुलांना शिकवत होते. घट्ट झाकणाच्या बश्या पातळ कापडी पट्ट्यात आडव्या घातल्या, तो पट्टा पोटाशी बांधला, वरून नऊवारीसारखा कासोटा आवळून पदर खोचला आणि शाल गुंडाळली. लाँचवर एका बाईने मला बसायला जागा दिली, कितवा महिना म्हणून विचारणार होती बहुतेक, पण माझे पांढरे केस बघून गप्प राहिली. लाँचमध्ये गार वारा होता. मी एका कुशीला दर्शना आणि दुसऱ्या कुशीला क्रेनवाले काका घेऊन मोऱ्याला उतरले. पाणी धक्क्याला लागलेलं, लाँच वेळेवर.

तबकडी आधीच तापवून ठेवली होती. या वेळी रूळही दिसावेत म्हणून त्यांना वेगळा रंग दिला होता. पहिली बशी काकांची. रूळ शाबूत, हमाल पळतायत. मग दर्शनाची. मॅडमनी भिंग जुळवलं आणि मी श्वास रोखला.

रूळ होते. आणि त्यांच्यावरून हमाल निघाले होते! एक, दोन, मग रांगच. गाठोडी पाठीवर, लगबगीने, थेट निरोपाच्या जागेकडे. मी रडत होते आणि मला ते माहीतही नव्हतं. मॅडम काहीतरी आकडे पुटपुटत होत्या. काकांच्या बशीत पोचलेले रिसेप्टर एकमेकांना चिकटून ठसठशीत लाल बेटं करत होते. दर्शनाच्या बशीत गाठोडी पोचत होती, रिसेप्टर उतरत होते, आणि मग पांगत होते. बेटं फिकट, लहान, थोड्या वेळाने फुटणारी. पुन्हा बघितलं, दुसरी बशी, तिसरी बशी, तेच. हमाल निर्दोष. बांधून ठेवणारा दोषी. औषध असलेला दोषी!

मॅडमनी डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. मी मुंबईला परत गेलेच नाही. तिथूनच करंज्याला जाऊन लाँचने खाडी ओलांडली आणि रेवसला उतरून तडक सुगंधाच्या अंगणात. दर्शना दारात उभी राहून ऐकत होती, पण मला तिच्या वडिलांना कळेल असं सांगायचं होतं. म्हटलं, तुमच्या मुलीची लाँच चांगली आहे, वेळेवर धक्क्याला येते. पण धक्क्यावर दोर घ्यायला माणूस नाही, म्हणून लाँच लागून परत वाहून जाते. आता जी गोळी देणार ती तो माणूस उभा करायला मदत करते. ते बराच वेळ जाळ्याची गाठ सोडवत राहिले. मग म्हणाले, "हे तू स्वता बगितलास?" मी म्हटलं, बघितलं. आणि आधी एकदा चुकले होते, तेही सांगितलं. बर्फाची सगळी गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. "चूक सांगतेस म्हंजे बाकीचा खरा असल," म्हणाले, आणि गोळीला हो म्हणाले.

डॉक्टरांनी तिला पुन्हा चार दिवस रुग्णालयात ठेवून, डोळ्यांत तेल घालून गोळी सुरू केली. ही गोळी चमत्कार करत नाही, सावकाश काम करते. डिसेंबरअखेर मी निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात मॅडमनी माझ्याबद्दल बोलताना बर्फाचा किस्सा सगळ्यांसमोर सांगितला, आणि मी त्यांना अजून पूर्ण माफ केलेलं नाही. त्यांचा मोठा निकाल गेला तो गेलाच. त्याची रुखरुख मला कायम राहील, त्यांना आहे की नाही माहीत नाही. क्रेनवाले काका अजून फोन करतात.

जानेवारीत काही फरक दिसला नाही. फेब्रुवारीत सुगंधा म्हणाली, जिना न थांबता चढली. मार्चमध्ये दर्शनाने घरी काहीच न सांगता भरलेली पाटी डोक्यावर चढवली आणि बाजारापर्यंत नेली. मग एप्रिलच्या एका दुपारी, बरोबर तिच्या झोपेच्या वेळेला, ती माझ्या ओट्यावर आली. मी बघतच राहिले. हनुवटी खाली होती, डोळे सरळ माझ्याकडे बघत होते. या पोरीचे डोळे पिंगट आहेत हे एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

"हात धरून दाखवू?" ती म्हणाली. मी म्हटलं, थांब, मीही धरते, बघू कोण जिंकतं. दोघींनी ओट्यावर उभं राहून खांद्याच्या उंचीवर हात पुढे धरले आणि मी मोठ्याने मोजायला लागले. तीस झाले. साठ झाले. शंभराला माझे खांदे भरून आले, एकशे वीसला कापायला लागले. तिचे हात जागच्या जागी. आणखी थोड्या वेळाने माझे हात सपकन खाली आले आणि मी मटकन पायरीवर बसले.

दर्शना हात तसेच धरून उभी होती. वरून माझ्याकडे बघत म्हणाली, "मावशी, तुझ्या धक्क्यावर मानूस हाय ना?"